द म्वाव्रचा सिद्धान्त आणि आमचे ज्योतिषी

उल्हासनगरच्या ज्या महाविद्यालयांत आम्ही गणित शिकवितों, तेथें पदवीच्या पहिल्या वर्षास द म्वाव्रचा सिद्धान्त शिकविण्याचा दिवस दरसाल पावसाळ्यांत येतो. विद्यार्थी त्यास 'डिमॉयव्हर' म्हणतात, व आम्हीं त्यांना कधीं अडविलें नाहीं. त्या बिचाऱ्या फ्रेंच नांवाचे हाल इंग्रजांनीं आमच्यापूर्वींच करून ठेवले आहेत. सिद्धान्त फळ्यावर लिहून झाला, त्याची सिद्धता झाली, म्हणजे शेवटचीं पांच मिनिटें राखून ठेवून आम्ही एक वाक्य बोलत असूं: "यांत नवें कांहीं नाहीं, हें सर्व आमच्या भास्कराचार्यांनीं साडेपांचशें वर्षें आधीं सांगून ठेवलें आहे." वर्गास तें वाक्य आवडे. बोलणाऱ्यास तर फारच आवडे. वीस वर्षें हा क्रम निर्वेध चालला.

मागील एका पावसाळ्यांत शेवटच्या बांकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. घरीं सिंधी बोलणारा, बाजारांत हिंदी, आणि आमच्याशीं मोठ्या काळजीपूर्वक मराठी बोलणारा. त्यानें विचारलें, "सर, मग भास्कराचार्यांच्या पुस्तकांत वजा एकाचें वर्गमूळ कोणत्या पानावर आहे?" प्रश्नांत उपहास नव्हता, त्यास पान पाहिजे होतें. आम्हीं "पुढच्या तासास सांगतों" असें म्हणून घंटेचा आश्रय केला, व संध्याकाळच्या गाडीनें बदलापुरास घरीं येऊन भास्कराचार्यांचें 'बीजगणित' उघडलें. उत्तर शोधावयास फार पानें उलटावीं लागलीं नाहींत. आरंभींच, धनर्णाच्या वर्गाचे व वर्गमूळाचे नियम सांगतांना, आचार्य स्वच्छ शब्दांत सांगून जातात कीं धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचाहि वर्ग धनच. धनाचें मूळ धन किंवा ऋण. आणि ऋणास मूळ नाहीं, कारण ऋण संख्या हा कशाचाहि वर्गच नव्हे. नवव्या शतकांतील महावीराचार्यांनींहि हेंच म्हटलें होतें. ज्या दाराशीं द म्वाव्रचा सिद्धान्त सुरू होतो, तें दार आमच्या आचार्यांनीं स्वहस्तें बंद केलेलें होतें, आणि आम्ही वीस वर्षें त्याच दारांतून त्यांना मिरवीत नेत होतों.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या पुढच्या तासाचें जरा लांबलेलें उत्तर आहे.

प्रथम ज्याच्या नांवानें सिद्धान्त ओळखला जातो त्याची ओळख करून घेऊं. अब्राहाम द म्वाव्र १६६७ सालीं फ्रान्समधील व्हित्री या गांवीं प्रॉटेस्टंट कुटुंबांत जन्मला. १६८५ सालीं चौदाव्या लुईनें त्या पंथास पूर्वीं मिळालेलें अभय काढून घेतलें, तेव्हां हजारों कुटुंबें देश सोडून गेलीं. त्या लोंढ्यांत हा तरुणहि लंडनास येऊन पोंचला. पुढें तो न्यूटनचा स्नेही झाला, १६९७ सालीं रॉयल सोसायटीचा सभासद झाला. परंतु विद्यापीठांतील अध्यापकाची जागा त्यास जन्मभर मिळाली नाहीं. घरोघर शिकवण्या करून तो पोट भरी. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा जाड ग्रंथ हातीं घेऊन हिंडणें शक्य नव्हतें, म्हणून त्याचीं पानें फाडून तो खिशांत ठेवी व एका शिकवणीहून दुसऱ्या शिकवणीस जातां जातां वाची, अशी त्याची कथा सांगतात. उरलेला वेळ कॉफीगृहांत. तेथें पैजा मारणाऱ्यांना व वर्षासनांचा व्यवहार करणाऱ्यांना तो संभवाचीं गणितें सोडवून देई. १७५४ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, तो त्याच शहरांत वारला.

हें चरित्र आमच्या वर्गांत सांगतांना निराळेंच ऐकलें जातें. कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आणून ठेवण्यांत आलें, तिला उल्हासनगर हें नांव १९४९ सालीं मिळालें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजे त्या छावणीच्या बराकींत वाढले. घर सोडून आलेला मनुष्य शिकवण्या करून पोट भरतो म्हणजे काय, हें त्यांना टीपेंत समजावून सांगावें लागत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपण आज ज्या रूपांत हा सिद्धान्त लिहितों, त्या रूपांत तो द म्वाव्रनें लिहिलेलाच नाहीं. १७०७ व १७२२ सालच्या त्याच्या निबंधांत तो गर्भरूपानें आहे. चापाची ज्या व त्या चापाच्या कांहीं पटीची ज्या यांचा संबंध त्यानें तेथें कल्पित संख्यांच्या मूळांच्या द्वारें जोडला. आजचें सुटसुटीत रूप ऑयलरच्या १७४८ सालच्या ग्रंथांत दिसतें. म्हणजे ज्याचें नांव त्याचाच हा सिद्धान्त पुरतेपणीं नव्हे. मग दुसऱ्याच्या नांवानें तो फिरवितांना किती जपून बोललें पाहिजे!

सिद्धान्त असा आहे. √−१ ही कल्पित राशि आपण 'इ' या अक्षरानें दाखवूं. एखाद्या संख्येचा साधा भाग पूर्वेकडे मोजावा, 'इ' नें गुणलेला भाग उत्तरेकडे मोजावा. म्हणजे ती संख्या कागदावरील एक बिंदु होते. (ही चित्राची युक्ति द म्वाव्रच्या हयातींतील नव्हे; ती वेसेलनें १७९७ सालीं व आर्गांनें १८०६ सालीं मांडली.) त्या बिंदूचें आरंभस्थानापासूनचें अंतर व पूर्वदिशेशीं होणारा कोन, या दोन गोष्टी सांगितल्या कीं संख्या सांगून झाली. अशा दोन संख्यांचा गुणाकार करतांना अंतरांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज होते. तेव्हां कोणताहि घात काढणें सोपें झालें: अंतराचा तेवढा घात घ्यावा, कोनास तेवढ्या पटीनें वाढवावें. १ + इ या संख्येचें अंतर √२, कोन ४५ अंश. तिचा आठवा घात हवा असेल तर आठ वेळां गुणीत बसण्याचें कारण नाहीं. √२ चा आठवा घात १६, आणि आठपट कोन ३६० अंश, म्हणजे फिरून पूर्वदिशाच. उत्तर १६. सूत्राच्या भाषेंत, कोज्या अ + इ ज्या अ याचा न-वा घात हा कोज्या नअ + इ ज्या नअ इतका असतो.

आतां भास्कराचार्यांकडे वळूं. शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ च्या सुमारास, त्यांचा जन्म. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव असें ते स्वतः सांगतात. वयाच्या ३६ व्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्याच्या गोलाध्यायाच्या शेवटीं 'ज्योत्पत्ति' नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. ज्यांचें कोष्टक कसें उत्पन्न करावें हा त्याचा विषय. त्यांत आचार्य सांगतात कीं दोन चापांच्या ज्या घ्याव्या, प्रत्येकीस दुसऱ्या चापाच्या कोटिज्येनें गुणावें, त्रिज्येनें भागावें. दोन्ही फळांची बेरीज ही चापांच्या बेरजेची ज्या, व त्यांची वजाबाकी ही चापांच्या वजाबाकीची ज्या. आज शाळेंतला मुलगा जें सूत्र घोकतो तेंच हें. पहिल्या प्रकारास समासभावना व दुसऱ्यास अंतरभावना अशीं नांवें त्यांनीं दिलीं.

या 'भावना' शब्दावर आमचें बोट येऊन थांबलें. हा शब्द ज्याप्रकरणांत जन्मलेला नाहीं. तो बीजगणितांतील वर्गप्रकृतीच्या प्रकरणांतला आहे, व त्यामागचें कर्म ६२८ सालच्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथापर्यंत मागें जातें. एखाद्या वर्गास ठरीव संख्येनें, म्हणजे प्रकृतीनें, गुणून त्यांत कांहीं मिळवावें म्हणजे पुन्हां वर्ग व्हावा, असा तो प्रश्न. त्याचीं दोन उत्तरें हातीं असलीं तर त्यांचा तिरपा गुणाकार, ज्यास वज्राभ्यास म्हणतात तो, करून तिसरें उत्तर काढतां येतें. एकाच उत्तराची स्वतःशींच भावना केली तर ती तुल्यभावना. उदाहरणार्थ, प्रकृति २ व क्षेप १ घेतला असतां २ आणि ३ हें एक उत्तर आहे, कारण दोहोंच्या वर्गाची दुप्पट ८, त्यांत १ मिळविला म्हणजे ९. याची तुल्यभावना केली कीं १२ आणि १७ मिळतात. १४४ ची दुप्पट २८८, अधिक १, बरोबर २८९. तुल्यभावना करणें म्हणजे वर्ग करणें. तीच पुढें चालविली कीं घन, चतुर्घात, आणि हवे तितके घात.

आतां ज्येचा वर्ग व कोटिज्येचा वर्ग मिळून त्रिज्येचा वर्ग होतो, हा संबंध समोर ठेवा. वर्गप्रकृतीच्या दृष्टीनें पाहिलें तर ही ऋण एक प्रकृतीची वर्गप्रकृति आहे. तींत समासभावना केली म्हणजे चापांची बेरीज होते. आणि २ + इ या संख्येचा वर्ग ज्या रीतीनें ३ + ४इ येतो, ती रीति आंकड्याआंकड्यानें हीच आहे: दोहोंचा वर्ग उणें एकाचा वर्ग हे ३, तिरप्या गुणाकारांची बेरीज हे ४. भुज ३, कोटि ४, कर्ण ५, हा जात्य त्रिकोण 'लीलावती'च्या वाचकांना घरच्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणीं एकच शब्द योजणाऱ्या आचार्यांना त्या कर्मांतील सादृश्य दिसलें होतें, एवढें निःशंकपणें म्हणतां येईल. प्रकृतीच्या जागीं ऋण एक घालून पाहण्याचें काम मात्र आमचें, आजच्या वाचकाचें आहे. तें आम्हीं त्यांच्या पदरीं बांधूं नये.

भावनेचें बळ कोठवर पोंचलें होतें व कोठें थांबलें होतें, याचें एक मोजतां येण्याजोगें प्रमाण 'लीलावतीं'त आहे. वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरला तर त्यांत बसणाऱ्या समभुज आकृतींच्या बाजू किती, हे आंकडे आचार्यांनीं दिले आहेत: त्रिकोणास १,०३,९२३, चौकोनास ८४,८५३, पंचकोनास ७०,५३४, षट्कोनास ६०,०००, सप्तकोनास ५२,०५५, अष्टकोनास ४५,९२२, नवकोनास ४१,०३१. द म्वाव्रच्या भाषेंत हीं सर्व एकाच्या तिसऱ्या, चौथ्या, पांचव्या वगैरे मूळांचीं चित्रें. कारण ज्या संख्येचा सातवा घात १ होतो अशा सात संख्या कागदावर मांडल्या तर समभुज सप्तकोनच होतो. आम्हीं हे आंकडे आजच्या कोष्टकांशीं ताडून पाहिले. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षट्कोन व अष्टकोन शेवटच्या अंकापर्यंत शुद्ध आहेत. सप्तकोनाची बाजू ५२,०६६ पाहिजे, ती ११ नें कमी. नवकोनाची ४१,०४२ पाहिजे, तीहि ११ नें कमी.

चूक सात व नऊ यांच्याच ठिकाणीं कां? तिघा-चौघांची, पांचांची व आठांची वाटणी वर्गमूळांनीं होते. ३६ अंशांची व १८ अंशांची ज्या आचार्यांनीं ज्योत्पत्तींत वर्गमूळांनींच, अगदीं बिनचूक दिली आहे. परंतु सातांची व नवांची वाटणी वर्गमूळांनीं होत नाहीं. तेथें घनसमीकरण आडवें येतें. आणि येथें आम्हांस आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर सांपडलें. कल्पित संख्या युरोपांत ज्या रस्त्यानें आली, तो रस्ता वर्गसमीकरणाचा नव्हता, घनसमीकरणाचा होता.

वर्गसमीकरणांत ऋणाचें मूळ आलें तर 'असा प्रश्नच अशक्य' म्हणून पाटी पुसून टाकतां येते. भास्कराचार्यांनीं तेंच केलें, युरोपीयांनींहि शतकानुशतकें तेंच केलें. घनसमीकरणांत तसें करतां येईना. कार्दानोनें १५४५ सालीं घनसमीकरण सोडविण्याची रीति छापली. तिच्यानें 'एका संख्येचा घन त्या संख्येच्या १५ पटीपेक्षां ४ नें अधिक आहे, ती संख्या कोणती' हा प्रश्न सोडवूं गेलें असतां वाटेंत −१२१ चें वर्गमूळ उभें राहतें. प्रश्न अशक्य म्हणावा तर उत्तर डोळ्यांसमोर आहे: ४ चा घन ६४, आणि १५ चोक ६० अधिक ४, तेहि ६४. बोंबेल्लीनें १५७२ सालीं धीर करून त्या अशक्य मूळास खऱ्या संख्येप्रमाणें वागविलें, आणि २ + इ याचा घन केला तर २ + ११इ येतो, म्हणजे बरोबर तीच अडचणीची राशि येते, हें दाखवून तिढा सोडविला. उत्तरांत कल्पित भाग एकमेकांस खाऊन टाकतात व ४ उरतात. संमिश्र संख्येच्या घातानें खऱ्या प्रश्नास खरें उत्तर दिल्याचा हा पहिला ठळक प्रसंग होय. मग दीडशें वर्षांनीं द म्वाव्र.

भास्कराचार्यांपुढें घनसमीकरण आलें नव्हतें काय? आलें होतें. 'बीजगणितां'त एक प्रश्न आहे: एका राशीचा घन व तिची १२ पट मिळून तिच्या वर्गाची ६ पट व ३५ यांच्या बरोबर होते. उत्तर ५. दोन्ही बाजूंतून नेमकें तेंच वजा करावें म्हणजे पूर्ण घन उरतो, हें सुचलें तर उत्तर चटकन् निघतें; न सुचलें तर निघत नाहीं. आचार्यांनीं येथें बुद्धीवर भरंवसा ठेवला, सामान्य रीति दिली नाहीं.

त्यांच्यानंतर पांचशें वर्षांनीं मात्र एक महाराष्ट्रीय त्या दाराच्या अगदीं उंबऱ्यापर्यंत जाऊन पोंचला. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्राम येथील एक ज्योतिषी घराणें काशीस जाऊन राहिलें होतें. त्या घराण्यांतील नृसिंहाचा पुत्र कमलाकर. त्यानें शके १५८० मध्यें, इ. स. १६५८ सालीं, 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' ज्यांनीं वाचला असेल, त्यांना हा मनुष्य ठाऊक आहे. मोठा विद्वान्, मोठा भांडखोर. सूर्यसिद्धान्तावर त्याची निष्ठा इतकी कडवी कीं भास्कराचार्यांवर टीका करण्याची एकहि संधि त्यानें दवडली नाहीं. भास्करांचा टीकाकार मुनीश्वर, जो मूळचा वऱ्हाडाकडील घराण्यांतला व तोहि काशीकर, त्याच्याशीं त्याचें हाडवैर. परंतु ज्या भास्करांशीं भांडावयाचें त्यांचीच भावना त्यानें उचलली, तिची उपपत्ति दिली, कोटिज्येसहि तिचा नियम सांगितला, आणि तुल्यभावनेनें पुढें जात दुप्पट, तिप्पट, चौपट व पांचपट चापांच्या ज्या काढून दाखविल्या. द म्वाव्रच्या सूत्रांत 'न' च्या जागीं २, ३, ४, ५ घालून कल्पित अंश वेगळा केला म्हणजे जीं सूत्रें मिळतात, तींच हीं. द म्वाव्र जन्मण्यास त्यावेळीं नऊ वर्षें अवकाश होता.

तिप्पट चापाच्या ज्येचें सूत्र आले म्हणजे घनसमीकरण आलेंच. त्रिज्या १ धरली तर ज्येची तिप्पट, उणें तिच्या घनाची चौपट, ही तिप्पट चापाची ज्या. उलट जाऊन तृतीयांश चापाची ज्या काढावयाची असेल तर हें घनसमीकरण सोडविलें पाहिजे, आणि कार्दानोच्या रीतीनें तें सोडविण्यास गेलें तर ऋणाचें वर्गमूळ हटकून येतें. कमलाकरानें काय केलें? त्यानें दिलेल्या ज्येचा तृतीयांश घेतला, त्याच्या घनापासून संस्कार काढून तो त्यास दिला, व आसन्न मान मिळविलें. ३ अंशांची ज्या ०.०५२३३६० आहे, तिचा तृतीयांश ०.०१७४४५३, त्याच्या घनाची चतुस्तृतीयांश पट ०.०००००७१, दोहोंची बेरीज ०.०१७४५२४. एका अंशाची खरी ज्या सात स्थळांपर्यंत हीच आहे. एका संस्कारांत काम झालें. एका संस्कारानें न भागलें तर दुसरा, तिसरा. आमच्या ज्योतिष्यांच्या भाषेंत यास असकृत् कर्म म्हणतात, पुन्हांपुन्हां करावयाचें कर्म. ही केवळ आमचीच विद्या नव्हे. समरकंदच्या अल्-काशीनें पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एका अंशाची ज्या अशाच आवर्तनांनीं काढली होती, आणि मुसलमान ज्योतिष्यांकडून घेण्यास कमलाकरास कमीपणा वाटत नव्हता.

आमचें मत असें झालें आहे कीं द म्वाव्रचा सिद्धान्त आमच्याकडे न होण्याचें कारण बुद्धीची उणीव नव्हे. कारण ही असकृत् कर्माची सोय होय. ज्यास ग्रहणाची वेळ पळांपर्यंत हवी, त्यास उत्तराचा आंकडा पाहिजे. आंकडा हवा तितका सूक्ष्म मिळत असेल तर सूत्र कशास? इटलींत गणिती लोक एकमेकांस भर सभेंत घनसमीकरणें घालून पैजा जिंकीत होते. त्यांना आंकडा नको होता, कोणत्याहि घनसमीकरणास लागू पडणारी बंदिस्त रीति पाहिजे होती. त्या हट्टापायीं ते ऋणाच्या मूळावर जाऊन आदळले. कमलाकर त्याच ठिकाणाहून गेला, पण त्याची वाट बाजूनें होती व ती सरळ होती, म्हणून तो आदळला नाहीं. बोंबेल्लीचाच प्रश्न कमलाकराच्या सामग्रीनें सोडवून पाहा. हवी असलेली संख्या म्हणजे २√५ गुणिले एका कोनाची कोटिज्या असें मानलें, कीं त्या कोनाच्या तिप्पटीची कोटिज्या ०.१७८९ येते. तो तिप्पट कोन ७९ अंश ४२ कला. त्याचा तृतीयांश २६ अंश ३४ कला. त्याची कोटिज्या ०.८९४४, तिला २√५ नें, म्हणजे ४.४७२१ नें, गुणिलें कीं ४. वजा एकाचें वर्गमूळ कोठेंच आलें नाहीं. सोयीचें साधन हातीं असणें हें कधींकधीं मोठ्या शोधाच्या आड येतें, असें आम्हांस हें गणित करतांना वाटलें. आणि त्या ज्योतिष्यांबद्दल आदर कमी न होतां वाढला.

दुसरीहि एक गोष्ट आड आली. शके ११२८ मध्यें (इ. स. १२०७) चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. आजोबांचे ग्रंथ जतन करणारा नातू मिळणें हें भाग्यच. पण ज्या ग्रंथाचें अध्यापन हेंच विद्येचें ध्येय होतें, त्यांतील 'ऋणास मूळ नाहीं' हें वाक्य कोण ओलांडणार? कमलाकरासारख्या भांडखोरानें भास्करांचीं शेंकडों मतें खोडलीं, परंतु भांडण ग्रहांच्या गतीचें होतें, या वाक्याचें नव्हतें.

भाऊ दाजींचें नांव आलें म्हणून आमच्या शेजारची एक हकीकत सांगतों. अंबरनाथचें शिवालय आमच्या आगगाडीच्या वाटेवर, वालधुनीच्या कांठीं आहे. त्याच्या उत्तर दाराच्या तुळईवरील लेखांतील शकाचा आंकडा भाऊ दाजींनीं ७८२ असा वाचला. त्या वाचनानें देऊळ इ. स. ८६० चें ठरलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो आंकडा ९८२ आहे असें दाखविलें. म्हणजे देऊळ शिलाहार मुम्मुणीच्या काळचें, १०६० चें. देवळाचें वय एका अक्षरानें दोनशें वर्षांनीं उतरलें. भाऊ दाजींचा हेतु शुद्ध होता, विद्वत्ता निर्विवाद होती, आणि वाचन चुकलें होतें. पुण्यांत जन्मलेल्या बापूदेव शास्त्र्यांनीं १८५८ सालीं भास्कराचार्यांस चलनकलन अवगत होतें असें प्रतिपादिलें, व स्पॉटिसवुडनें १८६० सालीं त्याचें परीक्षण करून त्यांतलें किती टिकतें व किती टिकत नाहीं हें सांगितलें; तोहि याच जातीचा प्रसंग. आमच्या वीस वर्षांच्या वाक्यास भाऊ दाजींच्या किंवा बापूदेवांच्या चुकीची बरोबरी सांगण्याचा अधिकार नाहीं. त्यांनीं मूळ लेख स्वतः वाचून चूक केली, आम्हीं न वाचतां केली.

पुढच्या तासास आम्हीं हें सर्व वर्गास सांगितलें. वाक्य परत घेतलें. कांहीं चेहरे हिरमुसले, हें खरें. शेवटच्या बांकावरच्या त्या विद्यार्थ्यानें सप्तकोनाचा आंकडा वहींत उतरून घेतला.

चारपांच दिवसांनीं तो अंबरनाथच्या फलाटावर भेटला. गाडी उशिरा होती. त्यानें वही उघडली. सात भागांचें घनसमीकरण त्यानें पुस्तकांतून काढलें होतें: त्रिज्या १ धरून बाजूच्या वर्गास 'ब' म्हटलें, तर ब म्हणजे अर्धा, अधिक ब च्या वर्गाचा अर्धा, उणें ब च्या घनाचा चवदावा हिस्सा. कार्दानोचें सूत्र त्यानें लावूनच पाहिलें नव्हतें. त्रिकोणाच्या बाजूच्या निम्म्यापासून, म्हणजे ब = ०.७५ पासून, आरंभ करून तो आलेलें उत्तर पुन्हांपुन्हां त्याच समीकरणांत घालीत गेला होता. सगळें पान आंकड्यांनीं भरलें होतें, मधें दोन ठिकाणीं खाडाखोड.

"सर, हळूहळू सरकतें," तो म्हणाला, "पण तेराव्या वेळेस व्यास एक लाख वीस हजाराला बावन्न हजार सहासष्ट आलें." आम्हीं चष्मा पुसून ती ओळ पाहिली. बरोबर होती. तेवढ्यांत कर्जतची गाडी आली, व त्यानें वही मिटली.